दूध बघून येते

मी मूर्ख आहे हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं, पण त्याचं सर्टिफिकेट मिळावं म्हणून वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी फी भरून वर्गात नाव घालणारी बाई हैदराबादच्या अख्ख्या अंबरपेठेत मी एकटीच असेन. केबल आल्यापासून दुपारी एक ते पाच मी मालिका बघायची आणि प्रत्येकीत चुका काढायची, म्हणजे मघाशी हिच्या कपात काठोकाठ चहा होता तो आता तळाशी कसा गेला, हिने तर घोटही घेतला नाही, असलं काहीतरी. विवेक, माझा नवरा, हे सगळं ऐकून घ्यायचा. मग एक दिवस त्याने पेपरातली जाहिरात कापून माझ्या चष्म्याच्या घरात ठेवली. सुलतान बाजारात कापडाच्या दुकानावर दोन जिने चढून गेलं की सिनेमा आणि टीव्ही कसा बघायचा हे शिकवणारा वर्षभराचा वर्ग होता.

"तिथे चुका काढल्याचे मार्क तरी मिळतील," तो म्हणाला.

तो चेष्टा करत होता. मी गेले. हे अठ्ठ्याण्णव सालातलं.

वर्गात बाकीची सगळी वीस-बावीसची मुलं होती आणि पहिल्या दिवशी त्यांनी मला शिकवणारी बाई समजून उभं राहून नमस्ते केलं, तो माझा तिथला सगळ्यात मोठा मान. केशवराव सर आम्हाला मालिकेचा एकेक भाग पंचवीस-पंचवीस वेळा बघायला लावायचे आणि वहीत चार रकाने आखून घ्यायचे: शॉटचा नंबर, कोण आत आलं, कोण बाहेर गेलं, काय ऐकू आलं. सबंध पावसाळा मी ते रकाने भरत बसले होते, आणि मालिकेतल्या बायका दिवसातून किती वेळा उठून स्वयंपाकघरात जातात हे आधी कधी माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"गेलेलं माणूस परत आणावं लागतं," सर एकदा म्हणाले. "दारातून येताना दाखवू नका, नुसती पावलं ऐकवा, पण आणा. नाही आणलं तरी प्रेक्षक तक्रार करत नाही. त्याच्या डोक्यात ते माणूस तिकडेच राहतं, एवढंच."

परीक्षेला येईल असं वाटून मी ते वाक्य लाल शाईने लिहून घेतलं.

शनिवारी आवाजाचा तास असायचा. तो अप्पाराव घ्यायचे. घराणं मूळचं बिदरकडचं शेतकरी, पण हे हैदराबादेतच वाढले, आणि तीस वर्षं डबिंगच्या स्टुडिओत कानाला हेडफोन लावून बसून बसून त्यांचा चेहरा सतत कोणाचं तरी ऐकत असल्यासारखा झाला होता. त्यांनी आम्हाला पहिल्या दिवशी रूमटोन शिकवला. कुठेही शूटिंग झालं की शेवटी सगळ्यांनी गप्प उभं राहायचं आणि त्या खोलीची नुसती शांतता तीस सेकंद टेपवर घ्यायची, कारण प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते आणि पुढे संवादांच्या मधली भोकं बुजवायला तीच लागते.

"माणूस म्हणजे गादी," अप्पाराव म्हणाले. "आवाज पितो. उभा असला की वरचा पितो, बसला की खालचा. तुम्ही घरची तीस सेकंद घेऊन या, आत किती जणं हैत मी सांगतो."

पुढच्या शनिवारी सगळ्यांनी कॅसेटी आणल्या. अप्पाराव हेडफोन लावून डोळे मिटायचे आणि भाजीचा भाव सांगावा तसा आकडा सांगायचे. एकाच्या खोलीत त्यांनी तिसरं माणूस काढलं, तेव्हा तो मुलगा म्हणाला नाही सर, दोघंच होतो, आणि मग त्याला आठवलं की कोपऱ्यात आजोबा झोपले होते.

माझी कॅसेट हॉलमधली होती. विवेक आणि मी टू-इन-वन टेपरेकॉर्डरसमोर श्वास धरून शेजारी शेजारी उभे राहिलो होतो.

"एक," अप्पाराव म्हणाले. "उभा हाय. गडी माणूस."

"दोघं होतो," मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा ऐकलं. "एकच हाय."

वर्ग हसला. मीही हसले, आणि बहात्तर किलोची गादी जर त्यांना सापडत नसेल तर डाएट लागू पडलं म्हणायचं, असं काहीतरी बोलले. पण सोमवारी विवेक ऑफिसात असताना एकटीच उभी राहिले आणि पुन्हा तीस सेकंद घेतली. अप्पाराव म्हणाले की खोली छान रिकामी आलीय, अशी साफ शांतता स्टुडिओतही मिळत नाही. तिसऱ्या वेळी मी मुद्दाम मध्येच हात हलवला.

"बांगडी हाय," ते म्हणाले. "माणूस नाही."

"मग बांगडी वाजवली कोणी?"

"ते तुम्हाला म्हाईत."

त्यांना ह्यात नवल वाटलं नाही, उलट सोय वाटली. माइक हातात धरणारं माणूस नेहमी थोडंफार टेपवर येतंच, ते काढता येत नाही, म्हणून पुढच्या महिन्यापासून वर्गाच्या प्रत्येक रेकॉर्डिंगला ते माइक माझ्याकडे द्यायला लागले. मी म्हटलं, अप्पाराव, मला भीती वाटते. "भ्यायला काय झालं," ते म्हणाले. "तुम्हीच धरा. माझं स्टँड मोडलंय."

आता खरं सांगायचं तर संसाराला वीस-बावीस वर्षं झालेल्या बाईला ह्यात फारसं नवीन काही नव्हतं. मी सोफ्यावर बसलेली असताना विवेक हॉलचा दिवा घालवून जायचा आणि मग "अरे, तू होतीस होय," म्हणायचा. गौरी, आमची मुलगी, पुण्याला इंजिनिअरिंग शिकत होती, ती रविवारी एसटीडी बूथवरून फोन करायची, आणि मी उचलून हॅलो म्हटलं तरी क्षणभर थांबून विचारायची, "बाबा, आई कुठेय?" अशा गोष्टी मी मैत्रिणींना हसून सांगायची आणि त्याही त्यांच्या घरातल्या सांगायच्या. फक्त त्यांच्या घरी अप्पाराव नव्हते. मला दुसरं काही नको होतं. एकदा, तीस सेकंदांपुरतं, त्यांनी डोळे मिटून मला मोजावं एवढंच हवं होतं, आणि ते मला किती हवंय हे माझ्या लक्षात आल्यावर मीच जरा दचकले.

मग मला मंदारभाऊजींच्या कॅसेटी आठवल्या. माझे हे दीर मस्कतला होते, आणि त्या काळी तिकडे फोन करणं म्हणजे चैन होती, म्हणून पत्राऐवजी आम्ही सगळे टू-इन-वनभोवती बसून कॅसेट भरायचो आणि कोणी जाणारं असलं की त्याच्याबरोबर पाठवायचो. भाऊजी कायमचे परत आले तेव्हा त्यांनी त्या सगळ्या खजुराच्या डब्यातून परत आणल्या. अकरा होत्या, प्रत्येकीवर सासूबाईंच्या अक्षरात तारीख.

तेव्हा आम्ही काचीगुड्याला स्टेशनमागच्या गल्लीत भाड्याने राहत होतो. सासूबाई, विवेक, मी आणि छोटी गौरी, म्हणजे चार. बोलता बोलता सगळे गप्प व्हायचे, कारण मशीनसमोर काय बोलायचं ते कोणालाच सुचायचं नाही. अशा गप्प बसण्याच्या जागा मी हुडकून ठेवल्या आणि दर शनिवारी तासानंतर एकेक कॅसेट अप्पारावांना ऐकवली. कोणाचं घर, कोणती माणसं, काही सांगितलं नाही.

एक्क्याऐंशीच्या कॅसेटवर ते म्हणाले, "चार. एक म्हातारं माणूस, एक लेकरू, एक गडी, एक बाई."

"बाई नक्की?"

"हौ. बसलेली हाय. अंगाने बारीक."

मला किती बरं वाटलं ते सांगायला नको. बारीक म्हटल्यामुळे जास्तच. ब्याऐंशीला चार, त्र्याऐंशीला चार. मग शहाऐंशीची लावली तर तीन. सत्त्याऐंशी, तीन. मी चौऱ्याऐंशीच्या दिवाळीची कॅसेट शेवटाला ठेवली होती. तिच्या एका बाजूला त्यांनी चार मोजले आणि उलटवल्यावर, त्याच संध्याकाळी, त्याच खोलीत, तीन.

ती कॅसेट मी घरी आणून वही घेऊन बसले. इतके महिने जे शिकले होते ते सगळं लावलं, चार रकाने आखले, आणि पुढे-मागे करत ऐकत गेले. पहिली बाजू संपता संपता माझा आवाज येतो, "दूध ठेवलंय, बघून येते." मग शहाबादी फरशीवर जोडव्यांचा आवाज, टिक टिक टिक, आत जात बारीक होणारा. मग गौरी कविता म्हणते. सासूबाई खोकतात. कॅसेट उलटवल्याचा खटका येतो, विवेक दोन वाक्यं बोलतो, आणि एकदम अगदी जवळून माझा आवाज, "हं, तर मंदारभाऊजी, मी काय सांगत होते." आणि मी हसते. पुढे पंधरा मिनिटं मी भरपूर बोलते, चिवड्याबद्दल, गौरीच्या शाळेबद्दल. सगळ्यांचे आवाज त्या खोलीतून येतात आणि माझाही येतो.

जोडवी परत आलेली नाहीत. मी अकरा वेळा ऐकलं. "बाहेर गेलं" ह्या रकान्यात माझं नाव लिहिलं आणि "आत आलं" हा रकाना तसाच राहिला.

आठवायला बसले तर जाताना आठवत होतं. तेव्हा आमची शेगडी जमिनीवर होती, समोर पाट. मी पाटावर बसले, दुधावर साय धरत होती आणि कडेने तिला नुकती सुरकुती पडायला लागली होती. आच बारीक करायला हात पुढे केला. ह्यापुढचं काही आठवेना.

रात्रीच्या जेवणाला मी विवेकला विचारलं, "चौऱ्याऐंशीच्या दिवाळीत दूध उतू गेलं होतं का रे?"

"गेलं असतं तर आईने मरेपर्यंत ऐकवलं असतं," तो म्हणाला.

हे खरं होतं. म्हणजे दूध उतू गेलं नव्हतं. कोणीतरी ते बघत होतं.

काचीगुड्याच्या त्या घरात आता कॉम्प्युटर क्लास होता. घरमालकांची सून त्रिवेणी तो चालवायची. रविवारी क्लास बंद असतो आणि दुपारी दोन तास लाइटही जाते, म्हणून शांतता हवी असेल तर तेव्हाच या, असं तिने फोनवर सांगितलं. अप्पाराव बॅटरीवरचं मशीन आणि हेडफोन घेऊन आले. का, कशाला, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांचं स्टँड अजून मोडलेलंच होतं.

त्रिवेणीने कुलूप काढलं. "तुमची ती खोली आता स्टोअर आहे, मावशी. आत परेशान व्हाल. मी वर आहे, झालं की आवाज द्या."

बैठकीच्या खोलीत प्लास्टिकचं झाकण घातलेले आठ कॉम्प्युटर रांगेने बसले होते. मागे आमचं स्वयंपाकघर. तिथे मॉनिटरची रिकामी खोकी भिंतीपासून भिंतीपर्यंत छताला टेकतील अशी रचलेली होती आणि शेगडी असायची त्या जागी जेमतेम मला उभं राहता येईल एवढी फट होती, तीही पोट आत घेऊन. फरशी तीच होती. मी चपला बाहेर काढल्या, माइक घेऊन आत शिरले, आणि अप्पारावांनी वायर दाराच्या खालून घेऊन दार लोटून दिलं.

"घेतोय," बाहेरून आवाज आला.

मी उभी राहिले. अंधार होता पण फार नाही. मी काही हलवलं नाही, बांगडीसुद्धा घड्याळाच्या पट्ट्यात अडकवून ठेवली होती. मनात फक्त आकडे मोजले, आणि विसाच्या पुढे गेल्यावर मला असं वाटलं की मी इथे नीट आहे, पाय फरशीवर आहेत, पायांना गार लागतंय, वजन आहे. तीस झाले. आणखी थोडे मोजून मी दार उघडलं.

अप्पाराव क्लासच्या खुर्चीवर बसून मघाचंच पुन्हा लावून ऐकत होते. डोळे मिटलेले. मी समोर जाऊन उभी राहिले, निकालाच्या दिवशी गौरी उभी राहायची तशी. त्यांनी डोळे न उघडता एक बोट वर केलं.

"एक हाय," ते म्हणाले. "बाई हाय."

मला हसू आलं, आणि थोडं रडूही, दोन्ही एकदमच. चौदा वर्षं म्हणजे वनवासाएवढी झाली, आज घरी जाऊन विवेकला सांगते, दिवा घालवताना आधी बघत जा, माझ्याकडे आता पुरावा आहे. असलं बरंच काही मी बोलत सुटले.

"आले बघा मी, अप्पाराव," मी म्हटलं. "आले की नाही?"

त्यांनी एका कानावरचा हेडफोन बाजूला केला, दुसरा तसाच ठेवला, आणि थोडा वेळ आणखी ऐकून घेतलं.

"तुम्ही तर उभ्या होत्या, बाई. ही बसलेली हाय."