ब्रमाजमची अंगठी

"दाताखाली धरून पाहू का?" हेमिंगबाईंनी अंगठी खिडकीशी नेत विचारलं.

"चावायला ती काय बिस्किट आहे?" ट्रँटर हसून म्हणाला, पण हसू काही जमलं नाही. त्याचे हात थरथरत होते. पितळी बटणांवर पाऱ्याने सोन्याचा मुलामा चढवण्यात उभा जन्म गेला होता. बर्मिंगहॅममधल्या सगळ्याच मुलामेवाल्यांसारखा तो पारा त्याच्याही अंगात भिनला होता. गल्लीत हे कुणाला सांगावं लागत नसे. वुस्टरहून आलेल्या या होऊ घातलेल्या विहीणबाईंना मात्र ती चोराची थरथर वाटली.

"राग मानू नका, ट्रँटर. पण आमच्याकडे नकली मालाला 'ब्रमाजम' म्हणतात."

"आम्ही तर आमच्या बर्मिंगहॅमलाच 'ब्रमाजम' म्हणतो."

"तेच तर! इथे म्हणे खोटी नाणी पाडायचे."

"माझ्या पणजोबाच्याही आधी पाडली असतील कुणी, बाई. निस्तरतोय अजून आम्ही."

उद्या त्याच्या लेकीचं, केझायाचं, लग्न होतं. अंगठी खोटी निघाली, तर बाई मुलाला घेऊन आल्या पावली परत जाणार, हे उघड होतं. सोनं अस्सल होतं. ट्रँटरने स्वतः वितळवून घडवलेलं. पण जन्मभर पितळेला सोनं भासवणाऱ्याच्या हातचं सोनं कोण खरं मानणार?

बाईंनी पिशवीतून सोनं पारखायचा काळा दगड आणि तेजाबाची बाटली काढली. म्हणजे घरूनच ठरवून आल्या होत्या! त्यांनी अंगठी दगडावर घासली.

"पितळ असलं तर हिरवं फसफसतं ना?"

"हो."

थेंब पडला. बाईंचा मुलगा सायलस छताकडे बघत राहिला. पिवळी रेघ होती तशीच राहिली.

"अगबाई, खरंच की!" बाईंना मनापासून आनंद झाला. "मनावर घेऊ नका हं."

बाईंचं त्याने मनावर घेतलंच नव्हतं. परक्या माणसाला शंका यायचीच. पण थेंब पडताना त्याची नजर लेकीकडे गेली होती. केझायाने डोळे गच्च मिटले होते, आणि ओठ पांढरे पडले होते.

आता ती धावत येऊन त्याच्या गळ्यात पडली. "बाबा, मला माहीतच होतं!"

"हो गं पोरी," ट्रँटर म्हणाला. "तुला माहीत असणारच."