फॉरमॅट मारायचं नाही

मला दिसत नाही, जन्मापासून. हे आधीच सांगते, म्हणजे नंतर कोणी 'अगं बाई, हो का' करत बसायला नको. माझ्या कॉम्प्युटरवर स्क्रीन रीडर आहे, पडद्यावर जे लिहिलेलं असेल ते मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम. तो रोज सकाळी मशीन सुरू झालं की एक वाक्य वाचतो, 'संरक्षण चालू आहे'. त्या शुक्रवारी त्याने ते वाचलंच नाही. डोळे असणाऱ्यांच्या पडद्यावरचं कोपऱ्यातलं ढालीचं चित्र गायब झालं तर त्यांना महिनाभर पत्ता लागत नाही. मला चहा गार व्हायच्या आत कळलं.

मी अँटिव्हायरस उघडायला गेले. खिडकी उघडली, नाव पुरतं वाचून व्हायच्या आत मिटली. पुन्हा उघडली, पुन्हा मिटली. नव्याने टाकायला गेले तर टाकता येत नाही म्हणे. अँटिव्हायरसवाल्यांची वेबसाइट उघडेना, बाकी सगळं जग मात्र छान उघडत होतं. म्हणजे आत जो कोणी शिरला होता त्याला नेमकं कुठलं दार लावून घ्यायचं ते ठाऊक होतं. माझं डोकं सटकलं.

मी एका पुण्याच्या कंपनीसाठी घरून टायपिंग करते. डॉक्टर, वकील बोलून ठेवतात, मी ऐकून टाइप करते. त्या दिवशी कंपनीच्या सर्व्हरने मला आत घेतलंच नाही. थोड्या वेळाने आमचे टीम लीडर नीलेश सर यांचा फोन आला. मशीनवर संरक्षण नाही, सोमवारी सकाळी कॉलवर तपासणी होईल, काय झालं आणि कशामुळे झालं ते लिहून वर पाठवावं लागेल, मशीन साफ नसेल तर अकाउंट बंद. बोलणं अगदी सौम्य. शेवटी म्हणाले, घरात कोणी बघणारं असेल ना, त्यांच्याकडून करून घ्या. मी बरं म्हटलं आणि फोन जरा जोरातच ठेवला.

ही नोकरी मी कशी मिळवली ते मलाच माहीत. कितीतरी ठिकाणी 'कळवतो' म्हणून कायमचे गप्प बसले होते. ती गेली असती तर मी शांती नगरच्या आमच्या वन रूम किचनमध्ये दिवसभर बसून सगळ्यांचं 'बिचारी' ऐकत राहिले असते. ते मला अजिबात नको होतं.

घरात बघणारं कोणी होतं, नाही कशाला म्हणू. माझा दीर बंटी. आमच्याच बिल्डिंगखाली त्याचं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे. आमच्या सेक्टरमधल्या सगळ्या बिल्डिंगांत त्याला मान आहे, आणि तो कुणाला कधी नाही म्हणत नाही, हेही खरं. दुपारी वर आला, उभ्याउभ्याच म्हणाला, "फॉरमॅट मारतो, वहिनी. संध्याकाळपर्यंत मिळेल."

मागच्या वर्षी मशीन अडकायला लागलं तेव्हाही त्याने फॉरमॅट मारलं होतं. मशीन परत आलं ते मुकं होऊन. स्क्रीन रीडर पुसलेला, आवाजाचा ड्रायव्हर टाकलेलाच नाही. आठवडाभर मी त्या खोक्यासमोर बसून होते आणि हा खालून 'येतो, येतो' करत होता. शिवाय सगळं पुसून टाकलं तर ते कशामुळे झालं हे मी कंपनीला काय सांगणार? मी त्याला स्पष्ट सांगितलं, फॉरमॅट मारायचं नाही, आत काय शिरलंय ते कळल्याशिवाय हे मशीन या घराच्या बाहेर जाणार नाही. तो हसला. वाईट नाही हसला, लहान मुलाला हसतात तसा. "तुम्हाला कळणार कसं, पण?" म्हणाला आणि खाली गेला.

बघते ना आता, म्हटलं. म्हणजे ऐकते.

इंटरनेटची वायर आधी उपटून टाकली. मग सेफ मोडमध्ये मशीन सुरू केलं. सेफ मोड म्हणजे विंडोज फक्त गरजेपुरतं सुरू होतं, बाकीचं उठतच नाही, त्यामुळे आत शिरलेला बहुतेक वेळा झोपून राहतो. पण आवाजही तिथे गरजेचा धरत नाहीत. मशीन सुरू झालं आणि चिडीचूप. ज्यांनी हे बनवलं त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करून मी बटण दाबून बंद केलं.

मग जेसिकाला फोन लावला. जेसिका उत्तनच्या कोळीवाड्यातली, आम्ही एकाच शाळेत होतो, तिलाही दिसत नाही. डोकं मात्र माझ्यापेक्षा थंड. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "न्हाय गो, त्या मशीनवर बसून न्हाय व्हायचं. डिस्क काढ आणि घेऊन ये. माझ्या लॅपटॉपला नुसती जोडू. चालूच केली न्हाय तर तो करणार काय?"

किती साधं होतं. डिस्कवरून विंडोज सुरूच झालं नाही तर आत शिरलेलाही सुरू होत नाही, नुसता पडून राहतो, आणि जेसिकाचा धडधाकट अँटिव्हायरस त्याला शोधू शकतो. मी कॉम्प्युटरचा डबा उघडला. स्क्रू, झाकण, दोन वायरी, डिस्क. हे काम हाताचंच असतं, बंटीसुद्धा निम्म्या वेळा आत न बघताच करतो. डिस्क रुमालात गुंडाळून पोळ्यांच्या डब्यात घातली. यतीन, म्हणजे माझा नवरा, मेडिकलच्या दुकानातून जेवायला आला होता. डबा बघून विचारलं, कुणासाठी? मी म्हटलं, जेसिकासाठी. खोटं काही नव्हतं त्यात.

शनिवारी उत्तनची बस धरली. जेसिकाच्या अंगणात बोंबील वाळत घातलेले होते, तिच्या वडिलांनी मला हाताला धरून त्यांच्या कडेने घरात नेलं आणि चहा टाकला. आम्ही डिस्क जोडली, तपासणी सुरू केली. लॅपटॉप टक्के वाचत राहिला आणि आम्ही गप्पा मारत राहिलो. तिने माझ्याच कंपनीत अर्ज केला होता, पुढच्या आठवड्यात मुलाखत होती. तिला कुठले प्रश्न येतील ते मी सांगत होते. तेवढ्यात लॅपटॉप मध्येच थांबला आणि धोका सापडल्याचं वाचायला लागला. फाइल कुठल्या फोल्डरमध्ये आहे तेही वाचलं. फोल्डरचं नाव होतं 'बंटी सेटअप'.

मी ते पुन्हा वाचायला लावलं. मग आणखी एकदा.

आत होता ॲक्टिव्हेटर, विकत न घेतलेलं विंडोज विकत घेतलंय असं भासवणारा प्रोग्राम. बंटीने मागच्या वर्षी फॉरमॅट मारून चोरीचं विंडोज टाकलं, वर हे ठेवलं, आणि अँटिव्हायरसने अडवू नये म्हणून त्याला सांगून ठेवलं की या फोल्डरकडे बघायचं नाही. तो बिचारा वर्षभर बघत नव्हता. ॲक्टिव्हेटरच्या पोटात दुसराच कोणी दडलेला होता, त्याने आता कुठे बाहेरून आपले साथीदार बोलावले आणि राखणदारालाच बाहेर काढलं. जेसिकाच्या लॅपटॉपला कोणी तसं काही सांगून ठेवलं नव्हतं, म्हणून त्याला पहिल्या फेरीतच सापडला. सगळं पुसलं. जेसिका म्हणाली, "घरी गेल्यावर भांडू नको हां लगेच." तिला मी शाळेपासून माहीत आहे.

रविवारी डिस्क परत बसवली. नेटची वायर लावली नाही, आणि तेच बरं झालं. अँटिव्हायरस सुरू झाला, आणि थोड्या वेळाने पुन्हा बंद. एखादीने रडायला सुरुवात केली असती. मी म्हटलं, बस मेल्या, तू आहेस आणि मी आहे. विंडोज आपोआप कुठली कामं ठरल्या वेळी करतं त्याची यादी उघडली आणि एकेक नाव ऐकत गेले. सगळी नावं शहाण्यासारखी, मध्येच एक नुसतंच अक्षरांचं कडबोळं. दर थोड्या वेळाने अँटिव्हायरस बंद करायचा आणि नेट मिळालं की पुसलेलं सगळं पुन्हा आणायचं, हे त्याचं काम. उडवलं. 'इकडे बघू नकोस' ही सूचनाही काढली. मशीन पुन्हा पुन्हा बंद करून चालू केलं, संध्याकाळपर्यंत ऐकत बसले. संरक्षण चालू राहिलं. मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

फक्त आता विंडोज सांगायला लागलं की ते अधिकृत नाही. ॲक्टिव्हेटर गेल्यावर सांगणारच.

बंटीला वर बोलावलं, यतीनसमोर सांगितलं. बंटी आधी म्हणाला, सगळे असंच टाकतात. मग म्हणाला, मला काय माहीत आत काय होतं. ते खरंच असणार. मग मला समजवायला लागला. पाच मिनिटांत दुसरा ॲक्टिव्हेटर टाकून देतो, सकाळी तपासणीत काही दिसणार नाही, आणि कारण विचारलं तर सांगा, दिसत नसल्यामुळे चुकून कशावर तरी क्लिक झालं. तुम्हाला कोण काय बोलणार? यतीनही तेच म्हणाला. नोकरी वाचते, घरात तमाशा होत नाही, एका वाक्याचा तर प्रश्न आहे. त्याच्या आवाजात काळजी होती, म्हणून मी त्याच्यावर ओरडले नाही. बंटीला मात्र कीबोर्डला हात लावू दिला नाही.

सोमवारी नेटची वायर परत लावली, आणि कॉल लागला तेव्हा यतीन आणि बंटी दोघंही खोलीत होते. नीलेश सरांनी दुरूनच मशीन तपासलं. साफ आहे म्हणाले, अँटिव्हायरस व्यवस्थित आहे. विंडोज मात्र अधिकृत दाखवत नाहीये. मग स्वतःच आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, मी असं लिहितो, दृष्टीच्या अडचणीमुळे चुकीच्या लिंकवर क्लिक झालं. तुमच्या बाबतीत वरचे समजून घेतात. विंडोजचंही सांभाळून घेऊ. आजच काम सुरू करा."

यतीनने माझा खांदा दाबला. हो म्हण, असा. मी त्याचा हात बाजूला केला. मला जेसिका आठवत होती. तिचा अर्ज त्यांच्या टेबलावर पडलेला, आणि शेजारी हा कागद, आंधळ्या बाईने चुकून क्लिक केलं म्हणून. मग तिलाही 'कळवतो'.

मी म्हटलं, "मी काही चुकीचं दाबलेलं नाही, सर. माझ्या दिराने चोरीचं विंडोज टाकलं, त्यातून हे आलं. शोधलं मी, काढलं मी."

 मग ते म्हणाले की असं लिहिलं तर विंडोजचं लायसन्स घेईपर्यंत काम बंद, प्रकरण वर जाणार, आणि पुढे काय ठरेल ते त्यांच्या हातात नाही. पुन्हा एकदा विचार करा म्हणाले. मी म्हटलं, काम बंद ठेवा, लायसन्स मी घेते, लिहायचं ते मात्र खरंच लिहा. मागे बंटीची खुर्ची सरकली, पण तो गेला नाही.

नीलेश सरांनी टाइप करून वाचून दाखवलं. "घरातल्या व्यक्तीने बेकायदा विंडोज टाकल्यामुळे मालवेअर आलं. कर्मचाऱ्याने स्वतः शोधून काढलं. बरोबर?"

"घरातल्या डोळस व्यक्तीने, असं लिहा."

"त्याची काय गरज आहे, मॅडम?"

"चूक माझ्या नावावर लिहिताना माझे डोळे लिहीत होतात ना, सर? आता त्याचेही लिहा."

 पलीकडे कीबोर्डच्या कळा वाजल्या.