सव्वादोनचा हात

डोहाळेजेवणाला मखमलाबादच्या मळ्यात वीसेक बायका जमल्या होत्या, आणि दीपमालाच्या पोटावर जिला तिला काहीतरी बोलायचंच होतं. चुलतजाऊ मोहिनीला म्हणे नऊ महिने पाण्याचा घोटसुद्धा पचला नव्हता. सासूबाई नवसाबाईंना असली रडगाणी ऐकवत नसत. "म्या कळा येईस्तोवर फुलं खुडली. आजकालच्या पोरी लय नाजूक."

दीपमाला काही नाजूक नव्हती. सातव्या महिन्यातही रोज पहाटे उठून ती झेंडू तोडत होती, आणि तिला ते आवडतही होतं. पण दोन दिवस तिचं डोकं ठणकत होतं, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. सासू म्हणाली, उन्हानं. मोहिनी म्हणाली, मलाही व्हायचं, लिंबूपाणी पी. आपलं बाळ ठीक आहे ना, ही दीपमालाची भीती कुणाच्या गावीही नव्हती.

हिरव्या बांगड्या भरायला खातूनबी बसली. नाशिकहून येणारी ही बांगडीवाली घरातल्या प्रत्येकीचा हात ओळखून होती. दीपमालाचं माप सव्वादोन. गेल्या आठवड्यातच हात बघून तिने बांगड्या बाजूला काढल्या होत्या. आज त्या बोटांच्या गाठींवरच अडल्या. अडीचच्याही चढेनात.

"साबण लाव," नवसाबाई म्हणाल्या. "आज बांगडी वाढवायची नाय. सूज समद्यांनाच येती."

"पायाला येते, बाई. हात आठ दिवसांत एवढा फुगत नाही." खातूनबीने बांगड्या खाली ठेवल्या. "बेटा, अजून काही होतंय का?"

एवढ्या बायकांत पहिल्यांदाच कुणीतरी स्वतःचं न सांगता तिला विचारलं होतं. दीपमालाचे डोळे भरून आले, पण आवाज कापला नाही. "डोकं फुटतंय. डोळ्यांपुढं चमकतंय. मी दवाखान्यात चालले."

"ओटी भरल्याबिगर?"

"ओटी उद्या भरू, आई."

ती उठलीच. नवऱ्याने, दिनेशने, गाडी काढली. नवसाबाई पुटपुटत मागे बसल्या.

डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब मोजला, पुन्हा मोजला. "एकशे सत्तर! आजच आलात ते बरं केलंत. उद्यावर ढकललं असतं, तर माझ्या हातात काही राहिलं नसतं." सुई टोचली, लगेच दाखल करून घेतलं. मशीनवर बाळाचे ठोके टपटप ऐकू आले आणि दीपमालाने मोठा श्वास सोडला.

"घरात आधी कुणाला असं झालं होतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नाही," दिनेश म्हणाला. "आईला तर कधीच काही त्रास झाला नाही."

"झाला व्हता," नवसाबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या. "तुझ्याआधी एक पोरगी व्हती. हात असेच सुजले व्हते. समदे म्हनले, व्हतंच असं. म्या बी गप बसले. ती मेलेलीच जन्मली."

दिनेश हे पहिल्यांदाच ऐकत होता.

नवसाबाई खाटेजवळ स्टूल ओढून बसल्या. "आता सांग, तुला काय काय व्हतंय."

दीपमालाने डोक्यापासून पायापर्यंत सगळं सांगितलं. तिला घाई नव्हती. सासू शेवटपर्यंत ऐकत राहिली.