इलेनची दोन पोती

मर्व्ह हॅलरनच्या हाताला स्वस्थ बसणं ठाऊकच नव्हतं. ऑस्ट्रेलियातल्या नॅमोई नदीकाठच्या जिनिंगमध्ये सारी उमर त्यानं एकच काम केलं, नळातून वाहणाऱ्या कापसाची धार सांभाळण्याचं. समोर पडद्यावर धार मोजणारी हिरवी रेष असायची. ती झुकली की याचा हात पुढचा कापूस सोडायला दांड्यावर गेलाच. रिकामं यंत्र फिरताना त्याला बघवायचंच नाही. घरीही तीच तऱ्हा. बायकोचा, इलेनचा चहा तळाला जायच्या आत हा किटली घेऊन उभा.

"अरे, कप जरा रिकामा होऊ दे की," ती म्हणायची. "त्या रेषेशीच लग्न करायचं होतंस."

जानेवारीच्या उन्हाळ्यात इलेन गेली. भावाच्या शेतात तिनं दोन ओळी कापूस लावला होता. मुलीला, टेसला दिवस गेले होते आणि नातवंडाची पहिली दुलई आपल्याच रुईची व्हावी, रुई मर्व्हनंच काढावी, हा तिचा हट्ट. बोलणं जड झालं होतं तरी बजावून गेली, "माझ्या कापसात दुसऱ्याचा मिसळू नये, मागंपुढं रेष तळाला जाऊ दे, मर्व्ह. एवढं एकदाच."

कापूस फुटल्यावर टेसनं तो हातानं वेचला, तेव्हा दोन पोती भरली. मॅनेजर एरवी महाखाष्ट, पण ऐन हंगामात यंत्र रिकामं चालवायला त्यानं हूं की चूं केलं नाही.

आधीचा कापूस संपला. रेष तळाला टेकली. मर्व्ह हात मांडीखाली दाबून बसला. मग टेसनं पट्ट्यावर पोती ओतली आणि रेष जराशी उठली. एवढीशी ती धार पाहून मर्व्हला भडभडून आलं. डोळे पुसायला त्यानं हात बाहेर काढले. तेवढ्यात रेष झुकली, आणि हात दांड्यावर गेला.

मागं दुसऱ्याच शेताचा ढीग लागलेला होता. मॅनेजरनं यंत्र थांबवलं तोवर त्या लोंढ्यात इलेनची दोन पोती कुठल्या कुठं गेली होती. रुई सगळी सारखीच पांढरी. देवालाही ती निवडता आली नसती.

"तिनं एवढंच मागितलं होतं गं," मर्व्ह लेकीला म्हणाला आणि लहान मुलासारखा रडला.

संध्याकाळी टेसनं चहा केला. तिचा कप रिकामा झाला. किटली मर्व्हच्या हाताशीच होती. तो कपाकडे बघत राहिला, पण त्यानं हात काही उचलला नाही.