तीशाचा डावा हातमोजा

पोरांचे हातमोजे हरवू नयेत यावर रिम्माकडे एकच उपाय होता. मीटरभर इलॅस्टिक घ्यायचं, कोटाच्या एका बाहीतून घालून पाठीवरून दुसऱ्या बाहीतून काढायचं आणि दोन्ही टोकांना एकेक मोजा शिवून टाकायचा. मग पोरानं मोजा काढून भिरकावला तरी तो मनगटाशी लोंबत राहतो. बालवाडीत मदतनीस म्हणून एकतीस वर्षं तिनं शेकडो पोरं अशी बांधून बर्फात खेळायला सोडली होती. नातू तीशासाठीही तिनं तेच केलं, आणि तिथंच माशी शिंकली.

तीशाचा हिवाळी पोशाख महागाचा होता. सून एल्विरानं छोट्या कात्रीनं सगळे टाके उसवून काढले. सुईनं अस्तराला भोकं पडली, आता आत पाणी जाणार, शिवाय घसरगुंडीवर ते इलॅस्टिक गळ्याला आवळलं तर काय, असं ती म्हणाली. एकतीस वर्षांत कुणाचाही गळा आवळला नाही, हे रिम्मानं सांगून पाहिलं. पण उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना कोण समजावणार!

इलॅस्टिक गेलं आणि डिसेंबरात दोन मोजे हरवले. दोन्ही आजीबरोबर फिरताना. एल्विरानं आवाज चढवला नाही, ती कधीच चढवत नसे. ओठांना लिपस्टिक लावता लावता आरशातूनच म्हणाली, "आणखी एक हरवला ना, तर मी एखादी बाई ठेवीन. तुम्हीही दमताच आहात, रिम्मा अर्काद्येव्हना."

रिम्मा त्या रात्री झोपली नाही. मुलगा उत्तरेला गॅसच्या विहिरींवर, दोन-दोन महिने घरी नाही, आणि फोनवर त्याचं एकच पालुपद: तुमचं तुम्ही बघा. आठवड्यातून तीनदा, दोन-दोन तास तीशाला फिरवणं, एवढंच तिच्या वाट्याला आलेलं होतं. तेही गेलं तर कुणासाठी उठायचं?

जानेवारीतल्या एका गुरुवारी, उणे अठरा अंशांच्या थंडीत, तळ्यावरून परतताना इमारतीच्या दाराशी तिनं तीशाचा हात धरला तो उघडा, बर्फासारखा. डावा मोजा गायब.

"बदकाला दिला," तीशा म्हणाला. "त्याला थंडी वाजत होती."

साडेचार वाजले होते. एल्विरा पाचला यायची. तळं पाच मिनिटांवर, पण दमलेल्या चार वर्षांच्या पोराला उघड्या हातानं परत तिथवर न्यायचं म्हणजे अर्धा तास. रिम्मानं त्याला दाराच्या आत, जिन्याखालच्या गरम नळांपाशी बसवलं. इथून हलू नकोस, वीसपर्यंत आकडे मोजत बस, मी आलेच, असं बजावलं आणि ती धावत सुटली.

बदकांपाशी मोजा नव्हता. मग तिला आठवलं, गावात कुणी सापडलेला मोजा उचलून नेत नाही आणि बर्फात पडूही देत नाही. जवळच्या कुंपणावर नाहीतर फांदीवर अडकवून ठेवतात. तिनं स्वतः असे किती अडकवले होते. मग ती खाली बघायचं सोडून कुंपणं शोधू लागली. एक बाजू झाली, दुसरी झाली, पाय घसरला, गुडघा फुटला. शेवटी पलीकडच्या काठावर एका झुडपाच्या फांदीवर तो दिसला, वर्गात हजेरी द्यायला हात वर करावा तसा ताठ. रिम्माला रडूच आलं. आपण जिंकलो, असंच वाटलं तिला.

ती परतली तेव्हा एल्विरा जिन्याखाली उकिडवी बसली होती. ऑफिस लवकर सुटलं होतं. तीशा तिच्या कोटात तोंड खुपसून हुंदके देत होता.

रिम्मानं धापा टाकत मोजा पुढे केला. "सापडला."

"किती वेळ एकटा होता हा?"

"पाचच मिनिटं. फार तर दहा."

"मी वीसपर्यंत खूपदा मोजलं, आजी," तीशा म्हणाला. "दार उघडायचं, पण तू नसायचीस."

एल्विरानं मोज्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "घरात याचे चार जोड पडलेत," ती म्हणाली. "हरवला असता तर हरवला असता."

"तूच म्हणाली होतीस, आणखी एक हरवला तर..."

"मी घाईत काहीतरी बोलून गेले. तुम्ही त्यापायी पोराला टाकून गेलात?"

रिम्माच्या ओठांवर बरंच काही आलं. आरसा, लिपस्टिक, ते 'दमता' म्हणणं, सगळं. सुनेचा तिला संताप आला आणि त्याहून जास्त स्वतःचा. कारण बालवाडीत एखादी मदतनीस पोरगी मुलाला दोन मिनिटं एकटं सोडून गेली असती, तर तिला त्याच दिवशी काढून टाका म्हणून सगळ्यात आधी रिम्माच ओरडली असती.

एल्विरानं तीशाला कडेवर घेतलं आणि लिफ्टचं बटण दाबलं. शनिवारपासून येऊ नका, असं ती म्हणाली, नेहमीच्याच हळू आवाजात.

रिम्मानं होकारार्थी मान हलवली आणि हातातला मोजा कोटाच्या खिशात घातला.