आवडीच्या परसाला बांधलेलं जाळं

मित्रांनो, मी एक जुनं जाळं आहे, आणि मासे धरणाऱ्यांच्या संगतीत वाढलो असल्यामुळे माझ्या बोलण्यातला प्रत्येक मासा खऱ्यापेक्षा हातभर लांब असतो. हे आधीच सांगून ठेवतो. जास्तीचं शेपूट कुठून छाटायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

रोह्याला कुंडलिका नदीच्या काठी पांडू नावाच्या माणसाने मला विणलं. पांढरा नायलॉनचा दोरा, वर लाकडाचे तुकडे, खाली शिशाच्या गोळ्या. पहिल्याच दिवशी मी एवढा मोठा मासा धरला की त्याला काठावर ओढल्यावर नदीचं पाणी वीतभर उतरलं. दुसऱ्या एका माशाला माझ्यात इतकी गाढ झोप लागली, की घरी नेईपर्यंत तो घोरत होता. पांडू मला रोज धुऊन सावलीत वाळवायचा, फाटलं की त्याच संध्याकाळी शिवायचा आणि काठावरच्या लोकांना सांगायचा, "माझ्या जाळ्यातून फक्त पाणी सुटतं." असा माझा मान होता.

पंचवीस वर्षांनी पांडूचे गुडघे गेले. मी चार पावसाळे आढ्याला लटकत राहिलो. उंदरांनी माझ्यात बाळंतपणं केली. शेवटी पांडूने मला गुंडाळून आपल्या मुलीकडे, आवडीकडे, पाठवलं. ती पेणजवळच्या एका वाडीत नांदत होती. "मासे नाय तर नाय, कोंबड्या तरी अडवील," असा निरोप सोबत होता.

आवडीने परसाभोवती बांबू रोवले आणि मला त्यांना तारेने आवळून बांधलं. त्या दिवसापासून मी अडकलो. आयुष्यभर दुसऱ्यांना अडकवणाऱ्याला हे सोसायला फार जड जातं. इकडे वळता येत नाही, तिकडे सरकता येत नाही. वाऱ्याने हलवलं तर हलायचं, नाहीतर समोर जे चाललंय ते बघत उभं राहायचं.

पण बघण्यासारखं होतं. परसात वाल, वांगी, मिरच्या होत्या आणि छपरावर चढलेले दुधीचे वेल होते. आवडीचा नवरा डोलवीच्या स्टील कंपनीत कंत्राटावर कामाला जायचा. आवडी स्वतः आठवड्यातले चार दिवस पेणच्या कारखान्यात गणपतींना रंग द्यायला जायची. संध्याकाळी नखांत रंग घेऊन ती परत यायची, परसात जे हाताला लागेल ते तोडायची आणि त्याचंच कालवण व्हायचं. परसाने दिलं नाही, तर ताटात नुसता भात. एवढा सरळ हिशेब होता.

मग खाडीच्या अंगाला, माझ्या अगदी पलीकडे, मुंबईच्या एका शेठने फार्महाऊस बांधलं आणि लॉन केलं. लॉन म्हणजे असं गवत, की ज्यात गुरं सोडायची नाहीत आणि जे कापून गुरांना घालायचंही नाही. त्यात दुसरं एखादं रोप उगवलं की शेठला ताप भरायचा. म्हणून त्याने एक औषध आणलं. ते गवताला काही करत नाही, रुंद पानांचं जे असेल ते मारतं. आता दुधीचं पान केवढं असतं, ते मी तुम्हाला सांगायला हवं का?

फवारणीला माणूस ठेवला तो काळुराम, आवडीचाच धाकटा दीर. दोन वर्षं घरी बसून काढल्यावर त्याला हे काम मिळालं होतं. दुपारी आवडी माझ्यावरूनच त्याला भाकरी द्यायची. सुट्टी नसली तर सकाळीच बांधून ठेवायची. तो अर्धी खायचा, उरलेली फडक्यात बांधून माझ्या बांबूला लटकवायचा आणि पंप पाठीला लावायचा. नेमका तेव्हाच खाडीवरचा वारा सुटायचा.

मी कोंबड्या अडवल्या होत्या. बकऱ्या अडवल्या होत्या. एकदा तर एक रेडा अडवला, आणि तो माझी माफी मागून गेला. पण ते औषधाचं धुकं माझ्या भोकाभोकांतून सरळ आत आलं. मला माझ्या भोकांची इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

आठ दिवसांत मिरचीची पानं वळली. वालाचे शेंडे पिळलेल्या कपड्यासारखे झाले. मुळं धरून बसलेल्यांना पळता येत नाही, आणि तारेने बांधलेल्याला त्यांच्यापुढे आडवं पडता येत नाही.

"भावजी, तुमचं औषध आमच्या परसात येतंय," आवडी म्हणाली.

"काय गो वैनी! मधे जाळं हाय ना?"

"जाळ्याला भोकं हायत."

"मग शेठला सांगू का, वैनीच्या जाळ्याला भोकं हायत म्हणून? जाळ्याला भोकं असतात हे त्याला म्हायत नसंल!"

तिने माझ्यावर जुनी लुगडी पसरली. धुकं त्यांच्यावरून आलं. रविवारी ती शेठकडे गेली. शेठने चष्मा पुसून बघितलं आणि म्हणाला, "मला तर काहीच दिसत नाही. रोग पडला असेल." शेठ गेल्यावर काळुराम हळूच म्हणाला, "वैनी, आता बोलू नको. माझं काम जाईल."

आता आवडीची पंचाईत झाली. भांडावं तर दिराचं काम जाणार, न भांडावं तर परस जाणार. मी बांबूला बांधलेला होतो, ती नात्याला. दोन महिन्यांत छपरावर दुधीचा एकच वेल उरला, आणि त्याचंही एक पान कडेने आत वळायला लागलं.

ते पान बघितलं त्याच दिवशी आवडीने कारखान्यातून चिमूटभर गुलाबी रंग मागून आणला. पाण्यात विरघळणारा.

"भावजी, उद्या पंपात औषध नको. पाणी आणि हा रंग. वेळ रोजची, मारणं रोजचं. इकडे एक थेंब आला नाय, तर मी परस मोडून टाकते. पुन्हा तोंड उघडणार नाय."

"आणि आला तर?"

"तर शेठशी तुम्ही बोलायचं. मी नाय."

"लॉन गुलाबी झालं तर शेठ मलाच रंगवील!"

"गवतावरनं पाणी मारलं की जातो. माझा रोजचा धंदा हाय."

काळुरामला आपण जिंकणार याची खात्रीच होती. दुसऱ्या दिवशी त्याने अर्धी भाकरी खाल्ली, फडकं लटकवलं आणि फवारायला सुरुवात केली. आणि मित्रांनो, वारा नव्हता! पान हलत नव्हतं. गुलाबी पाणी मुकाट्याने गवतावर पडत होतं. "बघ गो वैनी!" तो ओरडला. आवडी दुधीच्या वेलाखाली उभी होती, एक हात बुंध्यावर ठेवून. परस तिने पणाला लावलं होतं आणि मी बांधलेला, काहीच करू शकत नव्हतो.

मग मी एक फुंकर मारली. बरं, नाही मारली. वारा आपला आपण आला, रोजच्यापेक्षा थोडा उशिरा. मी फुगलो. गुलाबी धुकं माझ्यावर आलं आणि नेहमीसारखंच आत गेलं, पण जाताना माझ्या गाठीगाठीला एकेक थेंब लावून गेलं. दुधीच्या पानांवर ठिपके पडले. आवडीची पांढरी कोंबडी नवरीसारखी सजली.

काळुराम आधी खूप हसला. हसता हसता त्याने मानेवरून हात फिरवला. हात गुलाबी झाला. ओठ पुसले, तेही गुलाबी. मग त्याची नजर बांबूकडे गेली. त्याने गुलाबी झालेलं फडकं सोडलं. उरलेल्या अर्ध्या भाकरीवर बारीक गुलाबी ठिपके होते.

"हे रोज?" त्याने विचारलं.

"रोज," आवडी म्हणाली. "दोन महिने."

तो भाकरी हातात घेऊन तिथेच खाली बसला. त्याचे कान तीन दिवस गुलाबी होते, आणि ही गोष्ट मात्र हातभर लांब केलेली नाही.

रविवारी तो ते फडकं घेऊन शेठपुढे उभा राहिला. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही, कारण मला जाता येत नाही. एवढंच दिसलं, की शेठने चष्मा पुसून फडकं उलटसुलट करून बघितलं, आणि सोमवारपासून काळुराम आमच्या बाजूचं तण खुरप्याने काढू लागला. पलीकडच्या टोकाला अजून पंप चालतो, पण सकाळी, वारा खाडीकडे जात असताना आणि तोंडाला फडकं बांधून. वाल गेले ते गेलेच. दुधीच्या वेलाला नवं पान आलं आहे, सपाट, न वळलेलं. आवडी रोज संध्याकाळी आधी तेच बघते.

मित्रांनो, मी मोठमोठे मासे धरल्याच्या बढाया मारतो, पण तुमच्या-माझ्यासारख्यांना हवा धरून ठेवता येत नाही. म्हणून पाठीवर पंप चढवण्याआधी मूठभर धूळ वर उडवून बघा. ती ज्या दिशेला जाईल, तिकडे जाऊन विचारून या, तिथे कोण जेवतंय.