हमखास जागा

दोघी सख्ख्या बहिणी, एकाच विमान कंपनीत कामाला. धाकटी काचेच्या उंच इमारतीत बसून प्रवाशांना काय काय द्यायचं ते ठरवायची. थोरली विमानतळावरच्या काउंटरमागे उभी राहून ते द्यायची, नाहीतर देता येत नाही म्हणून सांगायची. आई थोरलीकडे राहायची आणि शेजाऱ्यांना अभिमानानं म्हणायची, की ही विमान कंपनी माझ्या पोरींमुळेच उडते.

धाकटीच्या खात्याकडे कंपनीचे सगळ्यात मोठे प्रवासी होते. वर्षभर जे सतत विमानात असतात, ज्यांची बॅग कधी पूर्ण रिकामी होत नाही, अशी माणसं. त्यांना कंपनी लाल रंगाचं कार्ड द्यायची, त्याचं नाव माणिक. माणिकवाल्यांना वेगळी रांग, वेगळं लाउंज, रुंद खुर्ची, गरम टॉवेल. पण दुसऱ्या कंपन्याही तेच द्यायला लागल्या होत्या आणि माणिकवाले हळूहळू गळायला लागले होते. काहीतरी नवीन शोधा, असं साहेबांनी बजावलं होतं.

धाकटीनं मग अशा काही प्रवाशांना चहाला बोलावलं आणि तुम्हाला काय हवंय ते सांगा म्हणाली. एकाला मऊ उशी हवी होती. दुसऱ्याला लाउंजमध्ये आंघोळीची सोय हवी होती. एकाचं म्हणणं, बायकोलाही कार्ड द्या म्हणजे घरात भांडण नको. सगळे हसले. शेवटी राहिला एक इंजिनियर. पुलांची तपासणी करत गावोगाव फिरणारा, उन्हानं रापलेला, कमी बोलणारा माणूस. तो म्हणाला, "मला घरी जायचं असेल तेव्हा जागा मिळू दे. बाकी टॉवेल गार असला तरी चालेल."

धाकटीला ते एकदम पटलं. त्यातूनच तिनं 'हमखास जागा' ही सवलत काढली. माणिकवाल्यानं ऐनवेळी तिकीट मागितलं तरी, विमान भरलेलं असलं तरी, त्याला जागा मिळणारच. कंपनीनं भिंतीएवढ्या जाहिराती लावल्या. गळती थांबली. धाकटीला बढती मिळाली, वेगळी खोली मिळाली, खोलीत एक झाड मिळालं.

आता विमानातल्या खुर्च्या काही सवलत काढली म्हणून वाढत नाहीत. भरलेल्या विमानात एक आला, तर एक उतरणारच. कोण उतरणार ते कॉम्प्युटर ठरवायचा, बहुतेक सगळ्यात स्वस्त तिकीटवाला. त्याला पुढच्या विमानाचं तिकीट मिळायचं, जेवणाचं कूपन मिळायचं. आणि हे त्याच्या तोंडावर सांगायचं काम काउंटरवरच्या माणसाचं.

रविवारी धाकटी आईला भेटायला जायची, तेव्हा हा विषय निघायचाच. थोरलीची जीभ मुळात तिखट. लग्न मोडून परत आल्यावर ती आणखी तिखट झाली होती. भाजी चिरता चिरता ती सांगायची, की आज परीक्षेला निघालेल्या एका मुलीला मागे ठेवलं, आज नव्या नवरानवरीतल्या एकाला, आणि दुसरा मग आपणहून उतरला.

"तू वर बसून वचनं देतेस," ती एकदा म्हणाली, "आणि शिव्या खायला मी."

धाकटीनं तिला समजावलं, की अशी वेळ फार थोड्यांवर येते, त्यांना भरपाई मिळते आणि माणिकवाले टिकले नाहीत तर स्वस्त तिकिटंही परवडणार नाहीत. सगळं खरंच होतं. थोरली ऐकून घेत होती आणि सुरी चालवत होती. आईनं दोघींना गप्प केलं आणि जेवायला वाढलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी साहेबांनी धाकटीला बोलावून घेतलं. काउंटरवरच्या एका बाईनं कॉम्प्युटरचा निर्णय बदलून माणिकवाल्याला जागा नाकारली होती. सवलत सुरू झाल्यापासून असं पहिल्यांदाच घडत होतं. बाईचं नाव पाहिलं, तर ती थोरली. प्रवाशाचं नाव पाहिलं, तर तो पुलांचा इंजिनियर.

साहेब कधी आवाज चढवायचे नाहीत. "तुमची बहीण आहे हे मला माहीत आहे," ते शांतपणे म्हणाले. "म्हणूनच चौकशी तुमच्याकडे देतो. नियम तुमचा, माणूसही तुमचं. बाहेरच्यानं कापलं तर जास्त दुखतं."

चौकशी दुसऱ्या कुणाकडे द्या, असं धाकटीनं म्हणून पाहिलं. साहेबांनी समोरची फाइल उघडली, म्हणजे बोलणं संपलं.

काय झालं ते थोरलीनं काहीही न लपवता सांगितलं. संध्याकाळचं शेवटचं विमान होतं, गच्च भरलेलं. इंजिनियर धावतपळत आला आणि त्यानं कार्ड पुढे केलं. कॉम्प्युटरनं एका बाईवर लाल खूण केली. उतारवयाची बाई, पहिल्यांदाच एकटी विमानात बसणारी. तिच्या मुलीला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या होत्या, जावई परदेशात होता आणि पोरीजवळ कुणीच नव्हतं. उतरावं लागेल हे ऐकून बाई काउंटरला धरून खालीच बसली. थोरलीनं तिला उठवलं, तिच्यावरची लाल खूण काढली आणि इंजिनियरला सांगितलं, की जागा नाही.

"तो काय म्हणाला?" धाकटीनं विचारलं.

"काही नाही. कार्डावर लिहिलंय म्हणाला. दोनदा."

"मग?"

"मी म्हटलं, साहेब, एखाद दिवस कार्ड खिशात राहू द्या, जगबुडी होणार नाही. रांगेतले लोक हसले. तो गेला. आणि सांगू का, मला बरं वाटलं. तुझ्या त्या माणिकवाल्यांना एकदा तरी 'नाही' ऐकायला मिळालं."

माणिकवाल्याची अशी अडचण झाली तर खात्याच्या प्रमुखानं स्वतः फोन करून माफी मागायची, हा नियमही धाकटीनंच केला होता. तिनं इंजिनियरला फोन लावला. पाठ केल्यासारखी माफी मागितली आणि भरपाईचे पॉइंट सांगायला सुरुवात केली. त्यानं मध्येच थांबवलं.

"पॉइंट राहू द्या, मॅडम," तो म्हणाला. "माझ्या बायकोला घशाचा कॅन्सर आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं ऑपरेशन होतं. स्वरयंत्रच काढायचं होतं. ते आधी पुढच्या आठवड्यात ठरलेलं, पण डॉक्टरांनी अलीकडे ओढलं आणि मी पुलाच्या कामावर होतो. त्या रात्री आम्ही बोलत बसणार होतो. तिच्या आवाजात, शेवटचं."

धाकटीच्या हातात पेन होतं, ते तिनं खाली ठेवलं. तिनं विचारलं, की फोनवर तरी बोलणं झालं का.

"झालं ना. फोनवर ती सगळ्यांसारखीच बोलते. जेवलात का, काळजी करू नका, सावकाश या. मला काहीतरी सांगायचंय, पण समोर बसून सांगीन, म्हणाली. रस्त्यानं निघालो असतो तरी वेळेत पोचलो नसतो. सकाळच्या विमानानं गेलो, तोवर तिला आत नेलं होतं."

"आता कशा आहेत?"

"बरी आहे. पाटीवर लिहून बोलते. ते काय होतं म्हणून विचारलं, तर लिहिते, आठवत नाही." मग तो म्हणाला, "मला बोलायला सुचत नाही पटकन. काउंटरवर सांगायला हवं होतं, बायकोचं असं असं आहे म्हणून. पण मागे एवढी रांग. मला वाटलं, कार्ड आहे ना, सांगायची गरज काय. तुम्हीच म्हणाला होतात ना, काही विचारणार नाही, जागा देणार."

काउंटरवरच्या बाईचं काय करायचं, हे धाकटीनं भीत भीत विचारलं. ती आपली बहीण आहे हे मात्र तिच्या तोंडून निघालं नाही.

"तिला काढू नका असं मी म्हणणार नाही," इंजिनियर म्हणाला. "काढा असंही म्हणणार नाही. ते तुमचं तुम्ही बघा. फक्त तिला हे कळू दे."

तेवढंच तर धाकटीला जमेना. चौकशीचा निकाल तिनं त्या मानानं लवकर लावला. थोरलीला काउंटरवरून काढून हरवलेल्या सामानाच्या खोलीत टाकलं, नोकरी शाबूत ठेवली. ऑफिसात कुजबुज झाली, की बहिणीला वाचवलं. घरी आईनं दोन रविवार धाकटीशी बोलणं टाकलं, कारण बहिणीला बुडवलं. दोन्हीकडून मार खाणाऱ्या ढोलकीसारखी तिची गत झाली. थोरली मात्र ताठ होती. सामानाच्या खोलीत बरं आहे, सुटकेस उलटून बोलत नाहीत, असं म्हणायची. आपण एक चांगलं काम केलं आणि त्याची शिक्षा भोगतोय, या समाधानावर तिचे दिवस चालले होते. ते समाधान आपण कोणत्या तोंडानं हिसकावून घ्यायचं, असं धाकटीला वाटायचं. आणि मनाच्या तळाशी हेही होतं, की आपल्या नियमाच्या बाजूनं बोलणारं एक माणूस अखेर सापडलंय. याची तिला फार लाज वाटायची.

शेवटी तिनं सांगितलंच. सामानाच्या खोलीत जाऊन, दोन्ही बाजूंनी बॅगांच्या थप्प्या असताना, उभ्या उभ्या सांगितलं. थोरली ऐकत होती. ऐकता ऐकता एका सुटकेसवर टेकली.

"तो गप्प उभा होता गं," ती म्हणाली. "ती रडत होती आणि तो गप्प होता."

"तुला कसं कळणार, ताई?"

"विचारलं असतं तर कळलं असतं. विचारायच्या ऐवजी मी लोकांना त्याच्यावर हसवलं." मग जरा रागानंच तिनं विचारलं, "आणि तिला उतरवलं असतं तर? मग तू मला काय सांगायला आली असतीस?"

तसं झालं असतं तर कुणी काही सांगायला आलंच नसतं. उतरवलेल्या प्रवाशाला फोन करायचा नियम तिनं केलेला नव्हता.

थोरलीनं त्यानंतर तो विषय काढला नाही. पण एका सुट्टीच्या दिवशी स्टाफच्या तिकिटावर, जागा उरली तर बसायचं अशा बोलीवर, ती विमानात बसली आणि इंजिनियरच्या घरी जाऊन आली. पत्ता सामानाच्या जुन्या नोंदीत मिळाला असणार. धाकटीनं विचारलं नाही. परत आल्यावर थोरलीनंच सांगितलं.

इंजिनियर घरी नव्हता. दार त्याच्या बायकोनं उघडलं. गळ्याला पातळ रुमाल, अंगानं वाळलेली, पण डोळे अगदी जागे. थोरलीनं दारातच सगळं सांगून टाकलं, मी कोण, मी काय केलं, मी काय बोलले. बायकोनं तिला आत घेतलं, पाणी दिलं आणि पाटी मांडीवर घेतली. आता ही काय लिहिते म्हणून थोरलीचा जीव टांगणीला लागला. माफ केलं म्हणेल की चालती हो म्हणेल, असं मनात येत होतं.

"तिनं लिहिलं, त्या जागेवर कोण गेलं?" थोरली सांगत होती. "मी बाळंतपणाचं सांगितलं. तिनं पुसलं आणि लिहिलं, काय झालं, मुलगा की मुलगी?"

"मग?"

"मला माहीतच नाही गं. मी कधी विचारलंच नाही. त्या बाईसाठी नोकरी पणाला लावली म्हणून मिरवत होते, आणि पुढे तिचं काय झालं याचा पत्ता नाही. तिनं माझ्याकडे बघितलं आणि पाटी बाजूला ठेवली. मग मी उठले."

सांगताना थोरली रडली नाही, पण त्या रविवारी जेवलीही नाही.

प्रवाशांची माहिती खासगी कामाला वापरायची नाही, असा कंपनीचा कडक नियम. धाकटीनं दुसऱ्या दिवशी तो मोडला आणि त्या बाईला फोन केला. कंपनीचं नाव ऐकून बाई घाबरली. आता काय भरायला लागतंय, असं तिनं आधी विचारलं. मग सांगितलं, मुलगी झाली. पोचले तेव्हा पोर एकटी, घामानं चिंब, दार उघडायलाही उठता येईना तिला. आता दोघी बऱ्या आहेत. तुम्ही का विचारताय म्हणाली. धाकटी म्हणाली, आमच्याकडे चौकशी करायची पद्धत आहे. तशी पद्धत कुठेच नव्हती.

तिनं तो निरोप थोरलीला दिला आणि थोरलीनं पाटीवाल्या घरी पोचवला. उत्तर आलं नाही.

सवलत बदलायला धाकटीनं पुढे जंग जंग पछाडलं. आधी विमानातल्या सगळ्यांना विचारायचं, आपणहून कोण उतरतं का. कॉम्प्युटरनं कुणाला परस्पर काढायचं नाही. आणि माणिकवाल्यालाही विचारायचं, की आजच जायचंय का. साहेबांना पहिलं पटलं, दुसरं अर्धं पटलं. तिसऱ्याला ते हसले. म्हणाले, हमखास म्हणायचं आणि वर विचारायचं, मग वेगळं काय राहिलं? तेवढ्यावर तिनं मान्य केलं. थोरली पुन्हा काउंटरवर जाऊ शकली असती. विचारलं तेव्हा नको म्हणाली.

वर्ष संपताना गळालेल्या माणिकवाल्यांची नावं धाकटीच्या टेबलावर आली. त्यांना फोन करून गोड बोलायचं, कार्ड फुकट वाढवून द्यायचं, परत आणायचं, हे खात्याचं ठरलेलं काम. त्यांत इंजिनियर होता. पुलांची तपासणी सोडून त्यानं घराजवळच टेबलाचं काम घेतलं होतं. त्या रात्रीनंतर तो एकदाही विमानात बसला नव्हता, सकाळच्या त्या एका प्रवासाखेरीज. हाताखालच्या मुलीनं विचारलं, की यांना काय द्यायचं, जुने आहेत, काहीतरी मोठं देऊ या का?

धाकटीनं त्याच्या नावावर काट मारली. मुलीनं कारण विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "त्यांना आता कुठे जायचं नाहीये," आणि पुढचं नाव वाचायला घेतलं.